माळाची जमीन : मुरुमावरील माती, तिचा निचरा व तिची जपणूक

परिसर अभ्यासाच्या तासाला मातीचे प्रकार शिकवावे लागतात. बहुधा फळ्यावर काळी, तांबडी व मुरमाड अशी तीन नावे लिहिली जातात. पहिलीस ‘उत्तम’, दुसरीस ‘मध्यम’ आणि तिसरीस ‘हलकी’ अशी विशेषणे लागतात. मुले ती पाठ करतात आणि पाठ संपतो. परंतु सातारा व सांगली जिल्ह्यांतील अनेक शाळा ह्या तिसऱ्या प्रकारच्या जमिनीवरच उभ्या आहेत. ज्या मुलाचे वडील माळावर बाजरी पेरतात, त्याने आपली जमीन हलकी आहे एवढेच शिकून घरी जावे, हे शिक्षण अपुरे होय. ती हलकी का झाली, तिच्या अंगी कोणता गुण आहे, तो गुण कोणत्या दोषाशी जखडलेला आहे आणि तिच्यातील कोणती वस्तू एकदा गेली की परत मिळत नाही, ह्या चार प्रश्नांची उत्तरे त्यास मिळाली पाहिजेत. ती उत्तरे शाळेपासून हाकेच्या अंतरावर, रस्त्याच्या कापात किंवा ओढ्याच्या दरडीवर, उघडी पडलेली असतात. ती वाचण्याची दृष्टी तेवढी शिक्षकाने द्यावयाची आहे.

एका खडकाची तीन रूपे

सातारा व सांगली हे दोन जिल्हे १९४९ पर्यंत एकच होते. त्या वर्षी दक्षिण सातारा हा जिल्हा वेगळा झाला व १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. शासकीय सीमा बदलली तरी भूमी एकच राहिली. दोन्ही जिल्ह्यांच्या बहुतेक भागाखाली एकच काळा खडक आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठास मोठमोठ्या भेगा पडून तप्त शिलारस बाहेर आला, पसरला व थिजला. त्यावर पुन्हा नवा थर पसरला. असे थरांवर थर साचून दख्खनचे पठार तयार झाले. डोंगराकडे दुरून पाहिले असता त्याच्या अंगावर ज्या आडव्या पायऱ्या दिसतात, त्या ह्या थरांच्याच होत. कोयनेच्या परिसरात भूकंपाच्या अभ्यासासाठी जमिनीत खोल छिद्रे घेण्यात आली, त्यांपैकी एका छिद्रात ह्या खडकाची जाडी नऊशे मीटरांहून अधिक भरली.

खडक एक असूनही त्याची माती सर्वत्र सारखी नाही. पाऊस आणि उतार ह्या दोघांनी मिळून त्या एका खडकाची तीन रूपे केली आहेत.

पहिले रूप सह्याद्रीच्या माथ्यावर पाहावयास मिळते. महाबळेश्वरास वर्षाकाठी सरासरी सुमारे ६,००० मिलिमीटर पाऊस पडतो. अशा अतिवृष्टीने दीर्घकाळ धुतल्या गेलेल्या खडकातील चुना, पोटॅश, सिलिका आदी विरघळणारे घटक निघून गेले व लोह आणि ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे मागे उरली. तोच तांबडा जांभा होय. पाचगणीचे टेबललँड व कासचे पठार यांच्या माथ्यावर हाच जांभ्याचा थर आहे.

दुसरे रूप कृष्णेच्या काठी आढळते. कऱ्हाड, वाळवा, पलूस व मिरज ह्या बाजूस उतारावरून वाहून आलेले बारीक कण युगानुयुगे साचत गेले आणि खोल काळी जमीन तयार झाली. पाणी मिळाले की ती फुगते व चिकट बनते. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात.

तिसरे रूप ह्या दोहोंच्या मधले. शंभू महादेवाची डोंगररांग महाबळेश्वराकडून पूर्वेस शिखर शिंगणापुराकडे जाते. तिच्या शाखा आणि त्यांच्या दोहों अंगांचे माळ माण, खटाव, कोरेगाव, खानापूर, आटपाडी, कवठे महांकाळ व जत ह्या तालुक्यांतून पसरले आहेत. येथे पाऊस थोडा. महाबळेश्वरापासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरांहूनही कमी अंतरावर असलेल्या दहिवडीस तो ५०० मिलिमीटरांच्या आसपास येतो. जमीन उंच व उताराची असल्यामुळे बारीक कण येथे टिकत नाहीत, खाली वाहून जातात. मागे राहते ती मुरुमावरील पातळ, खरबरीत, तपकिरी माती. प्रस्तुत लेखाचा विषय हीच होय.

मुले आपापल्या गावाच्या शिवारातही हा क्रम पाहू शकतात. माथ्यावर वीतभर बरड, मध्यावर हात-दीड हात मध्यम जमीन आणि ओढ्याकाठी खोल काळी मळई, अशी एकाच खडकाची लेकरे एकाच उतारावर पायरीने उभी असतात.

मुरूम म्हणजे काय

माळावर नुकताच खणलेला खड्डा किंवा विहिरीचा ढिगारा पाहिला असता चार थर ओळखता येतात. सर्वांत वर माती असते. तिची जाडी चार बोटांपासून वीत-दीड वीत इतकी. तिच्यात गवताची मुळे, बारीक खडे व थोडा कुजका पाला सापडतो. तिच्याखाली मुरूम लागतो. तो पिवळट, तपकिरी किंवा राखाडी असून कुदळीने सहज सुटतो, आणि त्याचा खडा बोटांत दाबला असता पुष्कळदा भुगा होतो. त्याखाली अर्धवट कुजलेला, भेगाळलेला खडक असतो, ज्यास पहार लागते. सर्वांत खाली अभंग काळा पाषाण, ज्यास सुरुंग लागतो.

हे चार थर म्हणजे चार वेगवेगळे पदार्थ नव्हेत. एकाच पदार्थाच्या त्या चार अवस्था होत. शिलारस थंड होताना आकसला व त्यास उभ्या-आडव्या चिरा पडल्या. त्या चिरांतून पाणी आत शिरले. पावसाच्या पाण्यात हवेतील व कुजक्या पाल्यातील कर्बद्विप्राणिल वायू विरघळून ते किंचित आम्ल बनते. हे आम्ल पाणी खडकातील खनिजांवर मंदपणे काम करते. खडकातील लोह हवेतील प्राणवायूशी संयोग पावून गंजते, आणि काळा दगड तपकिरी होतो. दिवसाच्या उन्हाने व रात्रीच्या गारव्याने दगड प्रसरण व आकुंचन पावतो, झाडांची मुळे चिरा रुंदावतात. ह्या सर्व क्रियेस विदारण म्हणतात.

विदारणाची सुंदर खूण रस्त्याच्या कापात दिसते. मध्ये एक टणक गोल धोंडा असतो आणि त्याभोवती कांद्याच्या पापुद्र्यांसारखे मऊ वेढे असतात. चिरांनी चौकोनी तुकडे पाडलेल्या खडकाचे कोपरे दोन-तीन बाजूंनी झिजतात, कडा दोन बाजूंनी आणि सपाट बाजू एकाच बाजूने. त्यामुळे चौकोनी तुकडा हळूहळू गोल होत जातो. बाहेरचे पापुद्रे म्हणजे मुरूम व आतील धोंडा म्हणजे अद्याप न कुजलेला पाषाण. एवढी एक गोष्ट मुलांनी स्वतःच्या हातांनी सोलून पाहिली, तर दगडापासून माती कशी होते हे निराळे सांगावे लागत नाही.

क्वचित मुरुमात पांढरे खडे आढळतात. त्यांपैकी काही चुनखडीचे असतात. लिंबाचा रस टाकला असता त्यांवर बारीक फेस येतो. काही पांढरी चकाकणारी खनिजे खडकाच्या पोकळ्यांत तयार झालेली असतात, त्यांवर असा फेस येत नाही.

निचरा : एकच गुण, एकच दोष

ह्या जमिनीचे मुख्य लक्षण म्हणजे तिचा निचरा. वरची माती खरबरीत, खालचा मुरूम सच्छिद्र आणि एकंदर जागा उताराची, त्यामुळे पडलेले पाणी मुळांशी तुंबून राहत नाही. मातीचा रंगच त्याची साक्ष देतो. जेथे हवा खेळते तेथे लोह गंजून माती तपकिरी वा तांबूस होते. जेथे पाणी महिनोन्‌महिने तुंबते तेथे हवा कोंडते आणि मातीत राखी, निळसर छटा किंवा ठिपके येतात.

निचरा होण्यास केवळ माती पातळ असून चालत नाही, तळही पाणी सोडणारा असावा लागतो. कासच्या पठारावर कातळावर मातीचा अगदी पातळ थर आहे, परंतु खालचा जांभ्याचा पृष्ठभाग टणक असल्यामुळे पावसाळ्यात खोलगट जागी पाणी साचून राहते. अशा कठीण परिस्थितीत तग धरणाऱ्या लहान वनस्पतींच्या फुलांसाठी ते पठार प्रसिद्ध आहे, आणि २०१२ साली जागतिक वारसा म्हणून मान्यता पावलेल्या पश्चिम घाटातील स्थळांत त्याचा समावेश आहे. मुरुमाच्या माळावर माती तितकीच पातळ असू शकते, पण तिचा तळ पाणी सोडतो. भेद तळाचा आहे, हे विद्यार्थ्यांच्या मनावर ठसवावे.

निचऱ्याचे फायदे शेतकरी जाणतात. पाऊस उघडताच एक-दोन दिवसांत ह्या जमिनीस वाफसा येतो. ओल आहे पण चिखल नाही, मातीत हवाही आहे, अशी पेरणीयोग्य स्थिती म्हणजे वाफसा. काळ्या रानात बैलांचे पाय रुततात तेव्हा माळावर पाभर चालू असते. म्हणून मृगाच्या पावसावर बाजरी, मटकी व हुलगा यांचा पेरा प्रथम माळावर होतो. ह्या जमिनीत मुळे गुदमरत नाहीत. तिच्यात सहसा क्षार साचत नाहीत, कारण पाणी त्यांना विरघळवून खाली नेते. आटपाडीकडील डाळिंबाच्या व तासगाव, खानापूर बाजूच्या द्राक्षांच्या बागा पुष्कळशा मुरमाड व मध्यम रानांत उभ्या राहिल्या, ह्यात निचऱ्याचा वाटा मोठा आहे. मुळांशी पाणी तुंबणे ह्या पिकांना मानवत नाही.

परंतु जो गुण पाणी तुंबू देत नाही तोच पाणी टिकूही देत नाही. येथे गणिताचा तास व परिसर अभ्यासाचा तास एकत्र आणता येईल. वीतभर, म्हणजे सुमारे २० सेंटिमीटर मुरमाड मातीत, पिकास घेता येईल असे पाणी ढोबळ मानाने २० ते ३० मिलिमीटर मावते. वाढीच्या पिकास दररोज ४ ते ५ मिलिमीटर पाणी लागते. भागाकार मुलांकडून करवून घ्यावा. उत्तर चार ते सात दिवस असे येते. उलट, मीटरभर खोल काळ्या जमिनीत १५० ते २०० मिलिमीटर पाणी मावते असे धरले, तर तेच पीक महिना-दीड महिना पावसावाचून तग धरते. हस्ताच्या पावसाच्या ओलीवर काळ्या रानात शाळू पिकतो आणि माळावर श्रावणातील दहा दिवसांच्या उघडिपीने बाजरी माना टाकते, ह्याचे कारण ह्या एका भागाकारात आहे.

अन्नद्रव्यांचेही तसेच. पाला व मुळे थोडी, ऊन तीव्र, त्यामुळे ह्या मातीत सेंद्रिय अंश कमी असतो व नत्र आणि स्फुरद यांची उणीव भासते. शेणखताचे महत्त्व येथे दुहेरी आहे. ते पिकास अन्न देते आणि वीतभर मातीची पाणी धरण्याची शक्तीही वाढवते.

आणेवारी आणि आजची स्थिती

‘हलकी’ हे विशेषण केव्हा व कसे चिकटले, हेही शिक्षकास ठाऊक असावे. मुंबई इलाख्यात इंग्रजी अमलात जमिनीची पाहणी झाली, तिचे नियम विंगेट, गोल्डस्मिड व डेव्हिडसन यांच्या १८४७ च्या संयुक्त अहवालात बांधले गेले. सातारचे राज्य १८४८ साली खालसा झाल्यावर हीच पद्धत इकडेही आली. पाहणी कामगार जमिनीची खोली हाताच्या मापाने मोजीत. पावणेदोन हात खोल, निर्दोष काळ्या जमिनीस सोळा आणे प्रत दिली जाई आणि खोली कमी होईल तसतसे आणे कमी होत. चुनखडी, वाळू, उतार हे दोष म्हणून धरले जात व त्यांनी प्रत आणखी उतरे. पाऊस हाच एक आधार असलेल्या शेतीस ही मोजणी पुष्कळशी न्याय्य होती, कारण खोली म्हणजेच ओलीचा साठा.

तथापि ही प्रत जमिनीच्या सर्व गुणांची नव्हे. कालव्याचे पाणी आल्यावर हिशेब पालटतो. सातारा जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहणाऱ्या नीरा नदीच्या डाव्या कालव्याचे पाणी १८८५ पासून सुरू झाले. पुढे त्या खोऱ्यातील खोल जमिनींत क्षार वर येऊ लागले, आणि मान व ताम्हणे ह्या कृषिखात्याच्या अभ्यासकांनी १९१० साली त्या खारवट जमिनींविषयी सविस्तर लिहिले. कृष्णाकाठीही वाळवा, पलूस, मिरज ह्या भागांत उसास बेसुमार पाणी दिलेल्या काळ्या जमिनींचे कित्येक तुकडे आज चोपण व खारवट झाले आहेत. ज्या जमिनीस सोळा आणे मिळाले होते, तिच्यात निचऱ्याच्या अभावी गवतही उगवेना. चार आण्याच्या माळावर मात्र ठिबकने मोजून दिलेल्या पाण्यावर फळबाग उभी राहिली. टेंभू, ताकारी व म्हैसाळ ह्या उपसा योजनांचे पाणी जसजसे दुष्काळी भागात पोहोचत आहे, तसतसे हे सूत्र अधिकच ध्यानात ठेवण्यासारखे झाले आहे. माळाच्या जमिनीस पाणी थोडे थोडे व वरचेवर द्यावे लागते. एकदम भरपूर दिलेले पाणी मुळांखाली निघून जाते व आपल्याबरोबर खतही नेते.

खाली गेलेले पाणी कोठे जाते

माळावर मुरलेले पाणी वाया गेले असे मुलांस वाटण्याचा संभव असतो. वस्तुतः तेच पाणी गावाच्या आडात व विहिरीत येते. काळा पाषाण सहसा पाणी धरीत नाही. पाणी असते ते मुरुमात, भेगाळ खडकात आणि दोन थरांच्या सांध्यात. म्हणजे माळाखालचा मुरूम ही गावाची नैसर्गिक टाकी होय. ही टाकी उथळ आणि उताराची असल्यामुळे पावसाळ्यात झपाट्याने भरते व माघ-फाल्गुनापासून झपाट्याने उतरते. शाळेजवळच्या विहिरीची पाण्याची पातळी दर महिन्यास मोजून तक्ता ठेवल्यास हे चढउतार मुलांस स्पष्ट दिसतील.

ह्या तत्त्वावरच पाझर तलाव उभे आहेत. पाझर तलावात मार्गशीर्षानंतर पाणी राहिले नाही म्हणजे तो ‘फुटका’ निघाला, असे गावकरी कधी कधी म्हणतात. परंतु त्याचे कामच पाणी मुरुमात सोडण्याचे आहे. तलाव आटला असेल आणि खालच्या विहिरींस पाणी असेल, तर तलावाने आपले काम केले असे समजावे. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने १९६५ साली तासगाव तालुक्यात रोजगार हमीचा प्रयोग झाला. १९७२ च्या भीषण दुष्काळात राज्यभर अशी कामे निघाली, तेव्हा बांधबंदिस्ती व पाझर तलाव यांवर हजारो हात राबले. ज्या आजोबा-आजींनी त्या वेळी खडी फोडली वा माती वाहिली, त्यांना शाळेत बोलावून मुलांसमोर बोलते करावे. मातीच्या पाठास त्यासारखी दुसरी पुरवणी नाही.

माती गेली की परत येत नाही

पाणी पुढील वर्षी पुन्हा येते. माती येत नाही. बोटभर माती घडण्यास शेकडो वर्षे लागतात, आणि एका धुवाधार पावसात ती काही तासांत वाहून जाऊ शकते. पावसाचा थेंब उघड्या जमिनीवर आपटला की कण उडतात, बारीक कणांनी मातीची छिद्रे बुजतात, पाणी मुरण्याऐवजी पृष्ठावरून धावू लागते व प्रथम सर्वांत सुपीक, सर्वांत बारीक भाग घेऊन जाते. आरंभी ही धूप डोळ्यांस दिसत नाही, कारण ती सर्व रानावरून कागदासारखी पातळ साल काढते. ओघळी दिसू लागतात तेव्हा पुष्कळ माती गेलेली असते.

हाही हिशेब मुलांस घालावा. एक एकर रानावरून केवळ एक मिलिमीटर माती गेली तर सुमारे चार घनमीटर, म्हणजे जवळजवळ दीड ब्रास माती जाते. तिचे वजन पाच टनांहून अधिक भरते. दोन हात खोल काळ्या जमिनीस अशी हानी काही काळ सोसेल. ज्या जमिनीपाशी एकूण वीतभरच माती आहे, तिचे दोनशे भागांतील एक भाग भांडवल त्या मिलिमीटराने कायमचे खर्च होते. हलक्या जमिनीची धूप ही म्हणूनच जड जमिनीच्या धुपेहून अधिक घातक होय.

उपाय जुने व परिचित आहेत. उतारास आडवी नांगरट व आडवी पेरणी करावी. तालींची वेळेवर डागडुजी करावी. बांधावर व पडीक माळावर गवत राखावे. बाजरीत मटकी-हुलग्यासारखे पसरणारे पीक घ्यावे, म्हणजे थेंब पानावर झेलला जातो. सोलापूर येथे १९३३ साली सुरू झालेल्या कोरडवाहू शेती संशोधन केंद्राने बांध, मशागत व विरळ पेरणी यांचा पद्धतशीर अभ्यास केला. १९४२ च्या मुंबई जमीन सुधारणा योजना कायद्याने समपातळीवरील बांधांच्या कामास बळ मिळाले. अलीकडे २०१६ साली पहिल्या वॉटर कप स्पर्धेत कोरेगाव तालुक्यातील वेळू गावाने प्रथम क्रमांक मिळवला. त्या गावच्या लोकांनी श्रमदानाने माळावर चर खोदून पावसाचे धावते पाणी जागीच थोपवले. सर्व उपायांचे मर्म एकच आहे : धावणाऱ्या पाण्यास चालावयास लावावे, चालणाऱ्यास थांबवावे आणि थांबलेल्यास मुरू द्यावे. काम माथ्यापासून सुरू करून पायथ्याकडे न्यावे, कारण माथा मोकळा ठेवून पायथ्याशी बांधलेला बंधारा दोन-चार पावसाळ्यांत गाळाने भरतो.

आणखी एका हानीकडे लक्ष वेधले पाहिजे. रस्ते व घरांचे जोते यांसाठी माळ खरवडून मुरूम नेला जातो. मुरूम हे गौण खनिज असून त्याच्या उत्खननास महसूल खात्याची परवानगी लागते, ती केवळ स्वामित्वधनासाठी नव्हे हे समजावून सांगावे. जेथून मुरूम पाषाणापर्यंत काढला, तेथे माती तर गेलीच, पण गावाच्या विहिरीची टाकीही तेवढी लहान झाली. उलट, तलावात साचलेला गाळ उन्हाळ्यात काढून माळावर पसरणे ही माती माघारी आणण्याची एक रीत आहे. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना शासनाने २०१७ साली ह्याच हेतूने सुरू केली. तथापि मुरुमावर गाळ पसरताना तो मुरमाड मातीत मिसळावा. नुसता चिकण गाळाचा जाड थर दिल्यास वरचा निचरा बिघडतो.

शाळेत करावयाचे प्रयोग

पुढील प्रयोगांस पैसा लागत नाही. मुलांस खाणीच्या कड्याखाली, कठडा नसलेल्या विहिरीच्या काठी किंवा पावसाळ्यात दरडीजवळ नेऊ नये, एवढी दक्षता घ्यावी.

१. निचरा मोजणे. माळावर व काळ्या रानात प्रत्येकी एक हात रुंद व एक वीत खोल खड्डा घ्यावा. दोन्ही एकदा पाण्याने भरून जिरू द्यावेत. पुन्हा सारखेच पाणी ओतावे व ते किती मिनिटांत जिरते ते घड्याळावर पाहून फळ्यावर लिहावे. पहिले पाणी कोरड्या मातीने व भेगांनी शोषले जाते, म्हणून दुसऱ्या पाण्याची नोंद खरी धरावी.

२. मातीचे कण वेगळे करणे. काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती व उरलेले पाणी घालून ती चांगली हलवावी व ठेवून द्यावी. खडे व रेती क्षणार्धात तळाशी बसतात, गाळकण काही तासांत, आणि चिकणकण दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ ठेवतात. माळाच्या व मळईच्या दोन बरण्या शेजारी ठेवाव्यात.

३. हाताची परीक्षा. ओली माती अंगठा व बोट यांत दाबून तिची पट्टी काढावी. काळ्या मातीची लांब पट्टी निघते, मुरमाड मातीची निघण्यापूर्वीच तुटते.

४. धूप पाहणे. दोन सारख्या पाट्या किंवा पत्र्याचे डबे तिरपे ठेवून एकात उघडी माती व दुसऱ्यात गवताची लादी ठेवावी. झारीने सारखे पाणी घालावे व खाली येणारे पाणी दोन पेल्यांत धरावे. कोणता पेला गढूळ, कोणता निवळ आणि कोणत्यात पाणी अधिक, हे मुलांनीच सांगावे.

५. पावसाचे गणित. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. एक गुंठा सुमारे १०१ चौरस मीटर. तर दहा गुंठे पटांगणावर २० मिलिमीटर पाऊस पडल्यास किती पाणी पडले? उत्तर वीस हजार लिटरांहून थोडे अधिक येते. त्यापैकी किती मुरले व किती फाटकातून वाहून गेले, ह्याचा शोध पुढील पावसात मुलांनी घ्यावा. पटांगणातून वाहणाऱ्या ओघळीस आडवी दगडांची ओळ घालून तिच्यामागे एका पावसाळ्यात किती माती साचते ते मोजावे.

६. शिवाराचा छेद. माथ्यापासून ओढ्यापर्यंत चालत जाऊन पाच ठिकाणची माती कागदाच्या पुड्यांत आणावी. पुड्यांवर जागा, रंग, खोली व तेथील पीक लिहून त्या वर्गाच्या भिंतीवर उताराच्या क्रमाने चिकटवाव्यात. ज्या शेतकऱ्यांपाशी मृद आरोग्य पत्रिका असेल, त्यांतील आकडे शेजारी लिहावेत.

समारोप

हा पाठ झाल्यानंतर फळ्यावरील तीन विशेषणे पुसावीत व त्या जागी मुलांकडूनच नवी वाक्ये लिहून घ्यावीत. काळी जमीन पाणी धरते, परंतु तिला निचरा द्यावा लागतो. माळाची जमीन निचरा देते, परंतु तिच्यात ओल राखावी लागते. एकीचा गुण तो दुसरीची उणीव होय, आणि दोघींचे आईबाप एकच.

माळावरील पाण्याने खाली जावे हे स्वाभाविक आहे. तसे गेलेले पाणी विहिरीच्या रूपाने परत भेटते. मातीने मात्र खाली जाऊ नये. ती ओढ्याने गेली की नदीस मिळते आणि तिला माघारी आणण्यास गावाच्या दहा पिढ्या पुरत नाहीत. पाचवीच्या मुलाने पावसात घरी जाताना ओघळीतील तांबूस पाणी पाहून क्षणभर थांबावे आणि ‘ही आमच्या माळाची माती चालली’ असे ओळखावे, एवढे साधले तरी ह्या पाठाचे सार्थक झाले. पुढच्या रविवारी तो वडिलांबरोबर फुटलेल्या तालीवर दोन दगड चढवील, तेव्हा शिक्षकाने शिकवलेले शिवारात पोहोचले असे समजावे.